फाटकाच्या अलीकडची खबरदारी

बार्शीटाकळीहून अकोल्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत विद्यापीठाकडे निघालेली माणसे सहज ओळखू येतात. एकाच्या पायाशी माती परीक्षणासाठी भरलेली पिशवी असते. दुसऱ्याच्या खिशात आधार कार्डाची आणि सातबाऱ्याची झेरॉक्स असते. तिसऱ्याने बोंडअळीने पोखरलेले कपाशीचे बोंड कागदात गुंडाळून घेतलेले असते. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात सुरू झाले, तेव्हापासून या तालुक्याची तिथे ये-जा आहे. पेरणीआधी बियाण्यासाठी रांगा लागतात, खरिपाची पिके उभी असताना शिवार फेरी असते, डिसेंबरात पंजाबरावांच्या जयंतीच्या सुमारास कृषी प्रदर्शन भरते. ज्यांची मुले कला, वाणिज्य, विज्ञान शिकतात त्यांचे काम मात्र अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची किंवा मायग्रेशन प्रमाणपत्र काढायचे म्हणजे जाऊन-येऊन आख्खा दिवस.

या माणसांचे नाव विद्यापीठाच्या कुठल्याही हजेरीपटावर नसते. साथीची चाहूल लागली की विद्यार्थ्याच्या मोबाइलवर सूचना जाते, कर्मचाऱ्याला परिपत्रक मिळते. पाहुण्याच्या वाट्याला येतो तो फाटकावरचा सुरक्षारक्षक आणि त्याच्या हातातली वही. हे प्रकरण त्या पाहुण्याबद्दल आहे. माझे म्हणणे एवढेच की त्याच्या खबरदारीचा मोठा भाग फाटकाच्या अलीकडे, म्हणजे घरी आणि रस्त्यात होतो. फाटकावर जे चालते त्यातले बरेचसे पाहणाऱ्याच्या समाधानासाठी असते.

वऱ्हाडाने हे फार जवळून पाहिले आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर, १५ फेब्रुवारी २०२१ पासून, राज्याने महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने उघडायला परवानगी दिली. नेमके त्याच दिवसांत अमरावती, अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांतले रुग्णांचे आकडे चढू लागले. २२ फेब्रुवारीला अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागली, लगोलग अकोला, मूर्तिजापूर आणि अकोटही बंद झाले. मुंबई-पुण्यात तेव्हा लोक साथ संपल्याच्या गोष्टी करत होते. पुढे महिन्याभराने, २४ मार्चला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत विषाणूच्या दोन बदलांची जोडी सापडल्याचे जाहीर केले. हे बदल वऱ्हाडातल्या नमुन्यांतही होते. याच घराण्यातून पुढे डेल्टा निघाला आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याने काय केले ते सांगायला नको. म्हणजे देशातली दुसरी लाट वर येऊ लागल्याच्या पहिल्या खुणा ज्या भागात दिसल्या, त्या भागातली महाविद्यालये नुकतीच कुलपे काढत होती.

त्या दिवसांत प्रत्येक संस्थेच्या फाटकावर तीन गोष्टी असत: कपाळावर रोखायचा तापमापक, सॅनिटायझरची बाटली आणि नाव-नंबर लिहायची वही. तापमापकाचेच पाहू. कोरोनाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला लागण करू शकतो. त्या दोन दिवसांत त्याला ताप नसतो, तापमापक त्याला खुशाल आत सोडतो. ज्याला ताप आहे त्याने सकाळी पॅरासिटामॉल घेतली असेल तर तोही आत जातो. उलट अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, स्टँडवरून उन्हात आलेल्या धडधाकट शेतकऱ्याचे कपाळ तापलेले निघते आणि त्याला बाजूला उभे केले जाते. खोलीतल्या सावलीत दहा-पंधरा मिनिटे बसवून मग मोजायला हवे, पण रांग लांब असली की एवढा वेळ कोण देतो?

सॅनिटायझरची बाटली निदान उपयोगाची, निर्जंतुकीकरणाचा बोगदा तर तेवढाही नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये बाजार समित्यांपासून सरकारी कचेऱ्यांपर्यंत ठिकठिकाणी असे बोगदे उभे राहिले, माणसे त्यातून हात वर करून जात आणि अंगावर सोडियम हायपोक्लोराइटचा फवारा येई. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला १८ एप्रिल २०२० रोजी स्पष्ट सांगावे लागले की माणसाच्या अंगावर जंतुनाशक फवारू नका. त्याने डोळ्यांना, त्वचेला, श्वासनलिकेला इजा होते. घशात आणि नाकात बसलेल्या विषाणूला कपड्यावरचा फवारा पोचत नाही हे तर उघडच आहे. तरी बोगदे लोकांना आवडत. काहीतरी होताना दिसत होते ना!

दिसणाऱ्या तपासणीचा हा सोस जुना आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासले जाऊ लागले. प्लेग पिसवांतून पसरतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. माणसे तपासली जात आणि उंदीर-पिसवा सामानातून, धान्याच्या पोत्यांतून पुढे जात. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला तपासणीची भीती नव्हतीच. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस जातात आणि मुंबईहून वऱ्हाडात यायला रेल्वेला एवढा वेळ लागत नसे. माणूस ठणठणीत गाडीत बसे आणि गावी पोचून आजारी पडे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा त्या साथीत हिंदुस्थानातल्या सर्वाधिक मृत्युदराच्या प्रांतांपैकी एक ठरला. तेव्हाही आणि २०२१ मध्येही, तपासणी होती तिथे रोग सापडला नाही आणि रोग होता तिथे तपासणी नव्हती.

मग पाहुण्याने करायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे ताप, खोकला, जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल तर त्या दिवशी निघायचे नाही. हे वाक्य लिहायला सोपे आहे. एसटीत बसलेला खोकणारा माणूस मूर्ख नसतो, बेफिकीरही नसतो. "काई होत नाई बाप्पा, निस्तं पडसं हाय," असे तो म्हणतो त्यामागे हिशेब असतो. बियाण्याची विक्री आज सुरू झाली, उद्या हवे ते वाण संपेल. सोयाबीनचे सुवर्ण सोया किंवा पीडीकेव्ही अंबा हातून गेले तर बाजारातली महाग पिशवी घ्यावी लागेल. प्रवेशाची शेवटची तारीख आजच आहे. मजुराला सांगून एक दिवस मोकळा काढला आहे, तो पुन्हा निघणार नाही. या हिशेबापुढे "आजारी असाल तर येऊ नका" हा फलक निरुपयोगी आहे, कारण न येण्याचे नुकसान एकट्या पाहुण्याला सोसावे लागते आणि त्याच्या न येण्याचा फायदा होतो तो रांगेतल्या बाकीच्यांना.

म्हणून माझ्या मते साथीच्या काळातली विद्यापीठाची सर्वांत मोठी आरोग्यसेवा म्हणजे तारीख वाढवून देणे. बियाणे ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच, असा नियम असेल तर त्या आठवड्यापुरते भावाला, मुलाला, शेजाऱ्याला आणू द्यावे. टोकन फोनवर द्यावे, म्हणजे माणूस आपल्या वेळेला येईल आणि पहाटेपासून रांगेत उभा राहणार नाही. मायग्रेशन टपालाने जाते, गुणपत्रिकेच्या दुरुस्तीचा अर्ज महाविद्यालयामार्फत जातो. बार्शीटाकळीत महाविद्यालय आहे, त्याच्या कारकुनाने आठवड्यातून एकदा सगळे अर्ज एकत्र नेले तर पन्नास माणसांचा प्रवास वाचतो. कपाशीवरच्या रोगाचा फोटो आता व्हॉट्सअ‍ॅपवर तज्ज्ञाला पाठवता येतो. माती परीक्षणाच्या पिशवीला तर मालकाची सोबत लागतच नाही. हे सगळे साथ नसतानाही करण्यासारखे आहे, हा भाग वेगळा.

पाहुण्याच्या बाजूने एक सवय उपयोगी पडते: निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विचारून घेणे. कार्यक्रम आहे का, खिडकी उघडी आहे का, अमुक साहेब आहेत का. साथीच्या दिवसांत कार्यक्रम शेवटच्या क्षणी रद्द होतात आणि रद्द झालेल्या कार्यक्रमाला पोचलेली माणसे फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दाटीवाटीने उभी राहतात. घरात म्हातारे आईवडील, गरोदर बाई, मधुमेही किंवा डायलिसिसवरचे माणूस असेल तर कोण जाणार हेही त्या संध्याकाळी ठरवावे. घरातल्या पोराला गोवरची लस दिली आहे का, म्हाताऱ्यांचे इन्फ्लुएंझाचे इंजेक्शन झाले आहे का, हे प्रश्नही त्याच बैठकीतले.

आता प्रवास. माणसे विद्यापीठात पोचल्यावर मास्क चढवतात आणि एसटीत, काळीपिवळीत तो हनुवटीवर ठेवतात. धोक्याचे गणित नेमके उलटे आहे. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या: हवा किती बंद आहे, किती वेळ बसला आहात आणि लोक किती मोठ्याने बोलत-गात आहेत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायनवृंदाची तालीम झाली. सुमारे अडीच तास, एका सभागृहात, ६१ जण. एकाला सर्दीसारखा त्रास होता. पुढच्या काही दिवसांत त्यांच्यापैकी ५३ जणांना कोरोना झाला किंवा झाल्याची दाट शक्यता होती, दोघे दगावले. तालमीच्या वेळी सॅनिटायझर ठेवले होते, गळाभेटी टाळल्या होत्या. हवेचे कुणी पाहिले नाही. आपल्याकडच्या रात्रभराच्या भजनालाही हे गणित लागू आहे, मग ते कितीही भक्तिभावाने चाललेले असो.

पाऊण तासाच्या एसटीत खिडक्या उघड्या असतील तर हवा चांगली खेळते. एसटीच्या खिडक्यांच्या खडखडाटाला आपण नावे ठेवतो, पण साथीत ती गाडी वातानुकूलित ट्रॅव्हल्सपेक्षा बरी. अडचण येते पावसाळ्यात आणि थंडीत, जेव्हा सगळ्या काचा लावलेल्या असतात. तेव्हा निदान पुढची एक आणि मागची एक काच चार बोटे उघडी ठेवावी, म्हणजे हवा आरपार जाते. नऊ माणसांच्या काळीपिवळीत पंधरा बसतात तिथे मात्र मास्क हाच उपाय. आणि मास्क म्हणजे नाकावर घट्ट बसणारा. एन-९५ नीट बसला तर बारीक कणांपैकी ९५ टक्के अडवतो. गालाशी फट राहिली तर हवा त्या फटीतूनच जाते आणि आकडा कागदावर राहतो. गमछा तोंडाला बांधण्याची आपली सवय धुळीसाठी ठीक, विषाणूसाठी फारशी नाही.

विद्यापीठात शिरल्यावर सर्वांत सुरक्षित जागा कोणती, असे विचारले तर उत्तर आहे शिवार. शिवार फेरीत शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून किंवा पायी प्रात्यक्षिकांच्या प्लॉटमधून फिरतात, वर आभाळ असते, वारा असतो. हवेतून पसरणाऱ्या रोगाला तिथे फारसे हाती लागत नाही. धोका असतो तो फेरीच्या आधी आणि नंतर: नोंदणीच्या टेबलाजवळची झुंबड, बियाण्याच्या खिडकीपुढची रांग, पडदे ओढलेले सभागृह, जेवणाचा मांडव. उद्घाटनाच्या भाषणांना सभागृहात दोन तास बसवून ठेवण्यापेक्षा ती भाषणे झाडाखाली घ्यावीत, किंवा न घेतली तरी चालेल. शेतकरी भाषणासाठी आलेला नसतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूची भीती पसरली तेव्हा नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी प्रचंड गर्दी झाली, आणि साधी सर्दी झालेली माणसे खऱ्या रुग्णांबरोबर तासन्‌तास उभी राहिली. रांग हीच साथीची खरी जागा असते, मग ती तपासणीची असो की बियाण्याची.

जेवणाच्या मांडवात रोग बदलतो आणि खबरदारीही बदलते. बचत गटाच्या स्टॉलवरचे गरम पिठले, हातावर थापून लगेच तव्यावर टाकलेली भाकर, हे पोटाच्या दृष्टीने चांगले अन्न आहे, कारण ते नुकतेच भाजलेले, उकळलेले असते. जपायचे ते चिरून ठेवलेल्या काकडी-कांद्याला, बर्फाच्या सरबताला आणि पाण्याला. अकोला शहराला पाणी काटेपूर्णा धरणातून येते आणि ते धरण बार्शीटाकळी तालुक्यातल्या महानला आहे, म्हणजे आपला पाहुणा अकोल्यात जाऊन बहुधा आपल्याच तालुक्याचे पाणी पितो. धरणाच्या पाण्यावर शुद्धीकरण होते. पण मांडवातल्या जारचे पाणी कुठून भरले, जार कशाने धुतला, त्यात ग्लास बुचकळून कोण पितो, हे त्या शुद्धीकरणाच्या हाती नसते. जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकी पसरली, माणसे मेली. विहिरीचे दूषित पाणी हे कारण होते. ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी ओटी चाचणी करतो, नळीत दोन थेंब टाकले की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. मोठ्या मेळाव्यात पाण्याच्या टाकीची ही चाचणी सकाळी आणि दुपारी करायला दोन मिनिटे लागतात. पाहुण्याने घरून बाटली भरून न्यावी हे तर सगळ्यांत सोपे.

इथे सॅनिटायझरबद्दलचा एक गैरसमज काढून टाकू. साठ ते ऐंशी टक्के अल्कोहोलचे सॅनिटायझर कोरोना आणि फ्लूच्या विषाणूंना मारते. पण उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा दाद देत नाही, आणि मातीने भरलेल्या हातावर तर सॅनिटायझर नुसता चिखल करते. शिवारातून आलेल्या माणसाला साबण आणि वाहते पाणीच हवे, वीस सेकंद. मुतारीजवळच्या नळाशी साबण ठेवला आहे की नाही, यावरून त्या कार्यक्रमाच्या आयोजकांची पारख करावी असे मला नेहमी वाटते. व्यासपीठावरच्या फुलांच्या सजावटीपेक्षा तो फार स्वस्त असतो.

शिवारात एक वेगळा धोका आहे आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पावसाळा सरता सरता गवत उंच होते आणि गवतात माइटच्या चिगर नावाच्या, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या अळ्या असतात. त्या चावल्या की स्क्रब टायफस होऊ शकतो. २०१८ च्या पावसाळ्यानंतर नागपूरसह विदर्भात या रोगाने अनेकांना गाठले आणि मृत्यूही झाले. ताप, डोकेदुखी, अंगदुखी, म्हणजे डेंग्यूसारखीच लक्षणे. खूण एकच: काखेत, जांघेत, कमरेपाशी, सिगारेटचा चटका बसावा तसा काळा खपलीचा डाग, आणि तोही प्रत्येकाला दिसत नाही. औषध डॉक्सिसायक्लिन, स्वस्त आणि जुने, पण ते वेळेवर दिले तर. म्हणून शिवार फेरीला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, आणि दुपारी गवतावर अंग टाकायचे नाही. घरी आल्यावर आंघोळ, कपडे गरम पाण्यात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यालाही हाच पोशाख उपयोगी.

इतका वेळ आपण माणसाच्या रोगांबद्दल बोललो. कृषी विद्यापीठाचा पाहुणा मात्र माणसाबरोबर गोठाही घेऊन येतो आणि परत नेतो. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, कृषी विद्यापीठात पशुसंवर्धन आणि दुग्धशास्त्र विभाग आहे, शेतकरी तिथली जनावरे पाहायला हौसेने जातात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोग पसरू लागला आणि थोड्याच आठवड्यांत अकोला जिल्हा त्याच्या कचाट्यात सापडला. सगळे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद पडले, जनावरांची वाहतूक थांबली. शेळ्यांच्या देवीची लस गाईगुरांना देण्यात आली. लम्पी माणसाला होत नाही, चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिडांतून तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. तरी ज्याच्या गोठ्यात आजारी बैल आहे त्याने विद्यापीठाच्या गोठ्यात जाऊ नये, कारण ते एकच जनावर नसते, ते संशोधनाचे कळप असतात.

लाळ्या खुरकूत याहून चिवट. त्याचा विषाणू बुटाच्या तळव्याला, कपड्याला, गाडीच्या टायरला चिकटून प्रवास करतो, माणसाच्या नाकातही दिवसभर टिकू शकतो. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये ही साथ आली तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली, आणि सरकारने गावोगावच्या शेतांतून जाणाऱ्या पायवाटा फिरायला येणाऱ्यांसाठी बंद केल्या. फिरायला येणारी माणसे आजारी नव्हती, आजारी होणारही नव्हती. तरी साथीच्या दृष्टीने ती महत्त्वाची होती. आपल्या शेतकऱ्याला हे पटवणे कठीण जात नाही, कारण जनावराच्या रोगाचा हिशेब तो रोज करतो. माणसाच्या रोगात मात्र "मला काही होत नाही" म्हणजे "माझ्यापासून कुणाला काही होणार नाही" असे त्याला वाटते.

कुक्कुटपालनाच्या शेडची गोष्ट आणखी कडक. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला पुन्हा आला. अशा काळात पाहुण्याने शेडमध्ये पाऊल टाकायचे नसते, जाळीबाहेरून पाहायलाही जायचे नसते. शेडच्या दाराशी जंतुनाशकाचे पायकुंड असते, पण शेणमातीने भरलेला बूट त्यात बुडवला तर जंतुनाशकाची ताकद मातीतच संपते. आधी ब्रशने तळवे घासून धुवायचे, मग बुडवायचे आणि काही क्षण तसेच उभे राहायचे. बहुतेक ठिकाणी लोक पायकुंडावरून उडी मारून जातात! नीट शिजवलेली कोंबडी आणि अंडी मात्र खायला हरकत नाही. ७० अंशांच्या वर तो विषाणू टिकत नाही. संत्र्याच्या बागायतदाराला बुटाचे हे प्रकरण वेगळ्या कारणाने ठाऊक असावे: डिंक्याची बुरशी मातीत राहते आणि दुसऱ्याच्या बागेतल्या चिखलासोबत आपल्या बागेत येते.

परतल्यावरचे काम थोडे आहे आणि तेच सहसा होत नाही. गोठ्यात जाण्याआधी कपडे बदला, चपला बाहेर धुवा. पुढचे काही दिवस अंगाकडे लक्ष ठेवा. प्रत्येक रोगाचा वेळ वेगळा असतो. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत दिसते, फ्लू एक ते चार दिवसांत, डेंग्यू चार ते दहा, स्क्रब टायफस साधारण दहा-बारा दिवसांनी, गोवरचे पुरळ दोन आठवड्यांच्या सुमारास, टायफॉइडला तीन आठवडेही लागतात. म्हणजे ताप येईपर्यंत आपण विद्यापीठात गेलो होतो हेच माणूस विसरलेला असतो. बार्शीटाकळीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा गावातल्या डॉक्टरकडे गेल्यावर तो "कालपासून ताप" एवढेच सांगतो. डॉक्टरही गर्दीत फार विचारत नाहीत. अशा वेळी आपणच सांगायचे: अमुक तारखेला शिवार फेरीला गेलो होतो, गवतात फिरलो, मांडवात जेवलो, बरोबर आलेल्या दोघांनाही ताप आहे. या माहितीवर चाचणी ठरते आणि कधीकधी औषधही.

फाटकावरच्या वहीचा उपयोगही इथेच आहे. खोटा नंबर लिहू नये आणि घाईत आकडा गाळू नये. दुसऱ्या बाजूने, आपल्याला लागण झाल्याचे कळले तर त्या विभागाला एक फोन करावा, म्हणजे त्यांना त्या दिवशीच्या बाकीच्यांना कळवता येईल. फोन केल्याने पुढच्या वर्षी बियाणे मिळणार नाही अशी धास्ती काहींना वाटते. ती घालवायची असेल तर विद्यापीठाने वहीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे की कळवणाऱ्याचे नाव कुणाला सांगितले जाणार नाही, आणि त्याखाली दुपारीही उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा.